सुई थांबवताना: पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंच्या कंबरदुखीचं प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही ‘सुई मारा’ ही मागणी नवी नाही. गोळ्या लिहून दिल्या तर पेशंट चिठ्ठीकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि विचारतो, ‘सुई नाही?’ पुष्कळ डॉक्टर याला अडाणीपणा म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. त्या मागणीमागे पेशंटचा खरा अनुभव असतो आणि वेदनाशास्त्राने तो अनुभव प्रयोगशाळेत नीट तपासलेलाही आहे. हे प्रकरण मांडायचं कारण तेच. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

वय ५४. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मालक यंत्रमागावर होते, आता दम्यामुळे घरीच. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून घरी शिवणकाम करते. बाई लग्नाआधीपासून विड्या वळतात. जेवणखाण आटोपलं की भिंतीला टेकून बसायचं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मान खाली, पाठीची कमान, आणि हजार विड्या होईपर्यंत उठायचं नाही. उठलं की हात थंडावतो, असं त्या म्हणतात.

तीन वर्षांपासून कमरेत ठणका, मधूनच उजव्या कुल्ल्यात ओढ. सकाळी उठताना कंबर धरलेली. मागच्या वर्षभरात आठवड्याला दोन वेळा डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सुई आणि महिन्याला एकदा ‘ताकदीचं’ सलाईन, असा क्रम लागला होता. सुई घेतली की दीड-दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. आमच्याकडे त्या आल्या कारण त्यांचा नेहमीचा दवाखाना बंद होता. बसायच्या आधीच दंड पुढे केला.

रक्तदाब १६८/१००. पावलांवर थोडी सूज. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८, आणि मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन १.४. त्या दिवशी माझ्या दृष्टीने कंबरेपेक्षा हा शेवटचा आकडा जास्त महत्त्वाचा होता. डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी रक्तदाब वाढतो, आणि आधीच दाब असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडावर ती सतत मारा करत राहिली तर ते हळूहळू थकतं. सुई थांबवणं भागच होतं. प्रश्न होता तो कशी थांबवायची याचा.

कंबरेची तपासणी केली. पाय सरळ ठेवून उचलला तर कळ नाही. टाचांवर आणि चवड्यांवर चालता येत होतं. लघवी-शौचावर ताबा होता. ताप नाही, वजन घटलेलं नाही, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नाही. म्हणजे नस दबल्याची किंवा मणक्यात काही गंभीर असल्याची खूण नव्हती.

प्लास्टिकच्या पिशवीतली फिल्म

तपासणी संपल्यावर सुनेने पिशवीतून एमआरआयची फिल्म काढली. दीड वर्षापूर्वीची होती. कडा मऊ पडल्या होत्या, इतक्यांदा ती बाहेर निघाली असणार. रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी फुगलेली आणि झिजलेली असल्याचं लिहिलं होतं. घरात मात्र त्याचं एकच वाक्य झालं होतं: ‘मणक्यात गॅप आलाय.’ त्याला जोडून कुणीतरी सांगितलं होतं की वाकू नका, वजन उचलू नका, नाहीतर पुढे पाय जातील.

हे ऐकल्यापासून बाईंनी काय काय सोडलं, ते सून सांगत होती. झाडू सोडला. पाण्याची घागर सोडली. नातवाला कडेवर घेणं सोडलं. तो जवळ आला की त्या हात आडवा धरतात. उठताना भिंत धरतात, वळताना अख्खं अंग एकदम वळवतात. विड्या तेवढ्या सुटल्या नाहीत, कारण मजुरी सुटली असती. म्हणजे कमरेला जे मोकळं करतं ते सगळं बंद झालं, आणि जे अवघडून टाकतं ते एकच तेवढं चालू राहिलं.

दुखणारी कंबर आणि फिल्ममधली चकती यांचं नातं आपण समजतो तितकं थेट नसतं. २०१५ मध्ये ब्रिन्जिकजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन केलेले अभ्यास एकत्र तपासले. पन्नाशीतल्या निरोगी माणसांत सुमारे ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्के लोकांच्या फुगलेल्या. विशीतसुद्धा हे आकडे ३७ आणि ३० टक्के होते. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी पाठीचा कणा मधोमध उघडा पडला होता आणि एका चुकीच्या हालचालीचा अवकाश होता.

माझं स्पष्ट मत आहे की या प्रकरणात त्या एका वाक्याने चकतीपेक्षा जास्त नुकसान केलं. अपाय होईल या अपेक्षेनेच अपाय जाणवू लागतो, त्याला नोसिबो म्हणतात. औषध नसलेल्या गोळीनेही बरं वाटेल या अपेक्षेनेच बरं वाटतं, त्या प्लासिबोचाच तो उलटा हात आहे. आपल्याकडे प्लासिबोवर थोडंफार बोललं जातं, नोसिबोवर जवळजवळ नाहीच, आणि दवाखान्यात तो रोज कुणाच्या तरी तोंडून दिला जातो.

सुई लागते कधी?

मी विचारलं, ‘अक्का, सुई घेतल्यावर किती वेळाने बरं वाटतं?’

‘लगेच की. कापूस दाबून धरेपर्यंत कंबर मोकळी होतंय बघा.’

स्नायूत दिलेलं डायक्लोफिनॅक रक्तात पुरेसं चढायला वीस-पंचवीस मिनिटं तरी घेतं. कापूस दाबेपर्यंत मिळणारा आराम औषधाचा असूच शकत नाही. आणखी एक गोष्ट सुनेकडून कळली. मेडिकलवाल्याने एकदा नेहमीच्या पिवळ्या गोळीऐवजी दुसऱ्या कंपनीची पांढरी दिली होती, औषध तेच, मात्रा तीच. बाईंना तिने काहीच फरक पडला नाही, उलट पोटात आग झाली. पिवळी परत आणली तेव्हा आग थांबली.

तिसरी गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली, जरा संकोचाने. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात त्या सकाळपासून उभ्या होत्या, गर्दीतून रथामागे चालल्याही. तेव्हा कंबर आठवली नाही. दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेतलं आणि ठणका सुरू. घरातलं कुणीतरी त्यावर बोललं होतं: ‘रथाला जाताना दुखत नाही, कामालाच दुखतंय.’ तो टोमणा त्यांच्या मनात रुतून बसला होता. त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं की आपण सोंग करतोय का.

नाही. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, सुनेला तेलुगूत पुन्हा सांगायला लावलं, आणि या लेखातही ठासून सांगते. अपेक्षेने कमी होणारं दुखणं खोटं नसतं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेला प्रयोग याचा भक्कम पुरावा आहे. नॅलॉक्सोन हे औषध अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं. प्लासिबोने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांचा आराम नॅलॉक्सोन दिल्यावर नाहीसा झाला. याचा अर्थ, आराम मिळेल या अपेक्षेवर मेंदूने स्वतःचंच वेदनाशामक सोडलं होतं. मनाच्या खेळाला औषधाने अडवता आलं नसतं.

बाईंच्या बाबतीत याहून जवळचा प्रयोग १९९९ चा आहे, इटलीतल्या तुरीनमधला, अमान्झिओ आणि बेनेडेट्टी यांचा. त्यांनी काही लोकांना आधी लागोपाठ केटोरोलॅक दिलं, आणि मग न सांगता त्या जागी नुसतं सलाईन. केटोरोलॅक हे डायक्लोफिनॅकच्याच गटातलं. वेदना तरीही कमी झाली, आणि हा आराम नॅलॉक्सोनने अडला नाही. सवयीने शरीर वेगळ्या वाटेने तोच परिणाम उभा करत होतं. २०११ मध्ये बेनेडेट्टींच्याच गटाने ही वाट शरीरातल्या कॅनाबिनॉइड (गांजातल्या द्रव्यांसारखी द्रव्यं वापरणाऱ्या) यंत्रणेतून जाते असं दाखवलं. वर्षभर आठवड्याला दोनदा डायक्लोफिनॅक घेणाऱ्या बाईंच्या शरीराला असंच वळण लागलं असणार. स्पिरिटचा वास, दंडावरची बोटं, टोचणी, कापूस एवढ्यानेच त्यांचं शरीर निम्मं काम उरकत होतं.

डिस्टिल्ड वॉटरचा प्रस्ताव

आमच्या सिस्टर अनुभवी आहेत आणि पेशंटवर माया करणाऱ्या आहेत. त्यांनी सुचवलं, ‘मॅडम, डिस्टिल्ड वॉटर देऊ या. मूत्रपिंडालाही त्रास नाही आणि त्यांनाही बरं वाटेल.’

वर सांगितलेलं सगळं पाहता हा सल्ला शास्त्राला धरूनच होता. काही दिवस आराम मिळालाही असता. तरी मी नको म्हटलं, आणि त्याची कारणं नुसती नैतिक नाहीत.

पहिलं म्हणजे खोटं बोलावं लागलं असतं. पूर्व भागात बातमी गल्लीतून गल्लीत जायला संध्याकाळ पुरते. ‘त्या दवाखान्यात पाणी टोचतात’ हे एकदा कानावर गेलं की माझ्या शब्दावरचा विश्वास संपला, आणि उपचारातलं जे काही अपेक्षेवर चालतं ते त्या विश्वासावरच उभं असतं. दुसरं, टोचणी ती टोचणीच; गळू होऊ शकतं, नस दुखावू शकते. तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. पाण्याची सुई दिली असती तरी तिच्यातून बाईंना हाच निरोप मिळाला असता की तुमची कंबर इतकी बिघडली आहे की ती बाहेरूनच दुरुस्त करावी लागते. ‘गॅप’ जागच्या जागी राहिला असता.

शिवाय खोटं बोलायची गरजच नाही असं दाखवणारा पुरावा आता हाताशी आहे. २०१६ मध्ये लिस्बनमध्ये कार्व्हाल्हो आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या ९७ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्यांना स्पष्ट सांगून प्लासिबो गोळ्या दिल्या: यात औषध नाही, पण शरीर सवयीने प्रतिसाद देऊ शकतं. तीन आठवड्यांनी त्यांचं दुखणं ० ते १० च्या मोजपट्टीवर सरासरी दीड अंकाने उतरलं. नुसते नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांचं ०.२ ने. दीड अंक म्हणजे चमत्कार नव्हे. पण त्या रुग्णांना काय दिलं जातंय हे ठाऊक होतं, आणि तरी फरक पडला.

मी बाईंना प्लासिबो गोळ्या दिल्या नाहीत. मी ठरवलं ते असं: सुई काढायची, सुईभोवतीचं सगळं ठेवायचं.

जे सांगितलं, जे केलं

सुनेला शेजारी बसवलं. रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने मणके काढले आणि पन्नाशीतल्या निरोगी माणसांचे आकडे त्यांना समजतील असे सांगितले: ‘तुमच्या गल्लीतल्या, कंबर न दुखणाऱ्या दहा बायकांची फिल्म काढली तर सहाजणींची अशीच दिसेल.’ बाई बराच वेळ चित्राकडे बघत होत्या. मग त्यांनी सुनेला तेलुगूत काहीतरी विचारलं. सून म्हणाली, ‘त्या विचारतायत, मग नातवाला उचललं तर चालेल का?’ मी म्हटलं, उचला, आधी बसून मांडीवर घ्या, मग उभं राहून.

सुईबद्दलही सगळं खरं सांगितलं. ‘अक्का, कापूस दाबेपर्यंत जो आराम मिळतो तो औषधाचा नाही, तुमच्या शरीराचा आहे. औषध त्यानंतर पोचतं, आणि ते मूत्रपिंडाला त्रास देतंय. आपण औषध सोडू, शरीराचं काम चालू ठेवू.’ हे त्यांना लगेच पटलं असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी रक्ताचा रिपोर्ट समोर धरून कारण सांगतंय हे त्यांना भावलं.

मग ठरलेला दिवस आणि ठरलेली वेळ दिली, आधी सुईसाठी यायच्या तेच वार. आल्या की आधी रक्तदाब, मग टेबलावर पालथं झोपवून कंबर हाताने तपासायची, कुठला स्नायू आज मऊ आहे आणि कुठला ताठ ते त्यांना मोठ्याने सांगायचं. त्यानंतर दोन हालचाली, त्याच टेबलावर, माझ्यासमोर. घरी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. विड्या वळताना सूप मांडीऐवजी पाटावर, पाठीला उशी, आणि शंभर विड्या झाल्या की उठून दारापर्यंत चक्कर. हजाराच्या कामात दहा चकरा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या. पॅरासिटामॉल लागलीच तर घ्यायची, आणि तिचा कंबरेवर फार मोठा उपयोग नाही हेही सांगून. २०१४ च्या एका मोठ्या चाचणीत नव्याने कंबर धरलेल्या रुग्णांमध्ये पॅरासिटामॉल आणि प्लासिबो यांच्यात बरं व्हायला लागणाऱ्या दिवसांत फरक दिसला नव्हता. हे लपवून गोळी लिहून देणंही एक प्रकारची पाण्याची सुईच झाली असती.

शब्द जपून वापरायचे, हेही ठरवून घेतलं होतं. २०११ मध्ये बिंगल आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना उष्णतेचे चटके देत शिरेतून रेमिफेन्टानिल हे जबर वेदनाशामक सुरू ठेवलं. औषध चालू आहे असं सांगितल्यावर त्याचा परिणाम जवळजवळ दुप्पट झाला. औषध थांबवलं, आता दुखणं वाढेल, असं खोटंच सांगितल्यावर तो परिणाम पुसला गेला, औषध शिरेत जात असतानाही. इतकी ताकद एका वाक्यात असेल तर ‘जपा बरं, नाहीतर…’ असं सहज बोलून मोकळं होता येत नाही. सिस्टरांनाही मी हे सांगितलं. त्यांनी ‘अजून दुखतंय का?’ विचारणं सोडलं आणि ‘आज काय काय केलंत?’ विचारायला लागल्या.

पुढे काय झालं

पहिल्या भेटीत दुखण्याला बाईंनी दहापैकी आठ दिले होते. दोन आठवड्यांत सहा. तिसऱ्या आठवड्यात त्या ठरलेल्या वारी आल्या नाहीत. नणंदेच्या ओळखीतल्या कुणाचं तरी मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, पाय लुळा पडला होता, आणि ती हकिगत घरात दोन दिवस चालली होती. रात्रीतून कंबर धरली आणि मुलाने गाडीवर बसवून दुसरीकडे नेऊन सुई देऊन आणली. मला हे सुनेने फोनवर सांगितलं, घाबरत. मी रागावले नाही. ऐकलेल्या गोष्टीने दुखणं कसं वाढतं हे त्यांना समजावून सांगायला याहून चांगला दाखला मिळाला नसता. बाईंनीच तो जोडला: ‘तिची गोष्ट ऐकली आणि माझी कंबर धरली.’

त्यानंतर सुई घेतलेली नाही. तीन महिन्यांनी आकडा चारवर होता. सूप मांडीवरून पाटावर गेलं ते टिकलं. दहा चकरा कधी सहा होतात. झाडू हातात आला. नातू कडेवर असतो. पावसाळी हवेत ठणका अजून येतो, सणावाराच्या आधी जास्त विड्या वळाव्या लागल्या की येतोच.

याचं श्रेय कशाला द्यायचं, याबाबत मला हात आखडता घ्यावासा वाटतो. माणूस दुखणं शिखरावर असताना डॉक्टरकडे येतो, त्यामुळे काही उतार आपोआपही पडतो. बसण्याची पद्धत बदलली, हालचाल वाढली, याचा स्वतःचा परिणाम आहेच. आणि प्लासिबोची ताकद फुगवून सांगणाऱ्यांना २००१ चं हर्बियार्टसन आणि गॉटशे यांचं विश्लेषण वाचायला हवं: उपचारच न घेतलेल्यांशी तुलना केली तर प्लासिबोचा वेदनेवरचा परिणाम १०० च्या पट्टीवर जेमतेम साडेसहा अंकांचा निघाला, आणि मोजता येणाऱ्या शारीरिक बदलांवर जवळपास काहीच नाही. सगळं सांभाळून दिलेल्या अपेक्षेने दुखण्याची धार जाते, रोग जात नाही.

दम्याच्या रुग्णांवर २०११ मध्ये वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी बाईंच्या मालकांसाठी लक्षात ठेवला आहे. खरा पंप घेतलेल्यांना आणि प्लासिबो पंप घेतलेल्यांना सारखंच बरं वाटलं. फुफ्फुसाची फुंकर मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती २० टक्क्यांनी सुधारली होती, प्लासिबोने सुमारे ७ टक्क्यांनी, म्हणजे काहीच न दिलेल्यांइतकीच. मालक ‘बरं वाटतंय’ म्हणून पंप मधूनच बंद करतात. त्यांच्या बाबतीत माझं बोलणं पूर्ण वेगळं असतं: बरं वाटलं तरी पंप चालूच ठेवायचा.

बाईंच्या मूत्रपिंडालाही माझ्या शब्दांनी काही फरक पडणार नाही, तिथे सुई थांबणं एवढंच कामाला येतं. रक्तदाब आता १३८/८६ पर्यंत आला आहे. क्रिएटिनिन १.४ वरून १.२ वर. पुढची तपासणी दिवाळीनंतर ठरली आहे, आणि त्या वेळी मालकांनाही सोबत आणायला सुनेला सांगितलं आहे.